नऊ नंबरची दोरी

१

मंगळवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. जालन्याबाहेर मंठा रस्त्यावरच्या ‘अंगणछाया’ या ज्येष्ठ नागरिकांच्या निवासात नऊ नंबरच्या खोलीतील न्हाणीघराचे दार पहारीने उचकटण्यात आले. आत पुंजाराम खांडेभराड उजव्या कुशीवर पडलेले होते. वय अठ्ठ्याहत्तर, मूळ गाव हसनाबाद, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. बादलीतले पाणी थंडगार झाले होते.

त्यांच्या डाव्या मुठीत लाल दोरी होती. ती सोडवायला एकेक बोट उघडावे लागले.

ही दोरी छतावरच्या स्विचमधून खाली येते. निवासातल्या अठराही न्हाणीघरांत ती आहे. कुणी पडले, चक्कर आली, तर दोरी ओढायची. मग व्हरांड्यात बेल वाजते आणि कार्यालयातल्या बोर्डावर त्या खोलीच्या नंबराचा दिवा लागतो. स्विच छतावर आणि खाली फक्त दोरी, म्हणजे ओल्या हाताचा विजेशी संबंध येत नाही.

त्या सकाळी बोर्डावर एकही दिवा नव्हता. बेलकडे धावत जावे असे काही कुणाच्या कानावर आले नव्हते. मंगळवारी पुंजारामांचा उपवास असतो, त्यामुळे नाश्त्याला ते दिसले नाहीत याचेही कुणाला नवल वाटले नाही. शेजारच्या दहा नंबरमधले रखमाजी पेपर मागायला गेले, तेव्हा प्रकार उघड झाला.

रुग्णवाहिका फाटकातून बाहेर पडत असताना व्यवस्थापक राधेश्याम तोष्णीवाल पायरीवर उभे राहून म्हणाले, “नऊ नंबरचा स्विच कालच बदललाय. कालच. धम्मपालनं.”

ऐकणारे सात-आठ जण होते. दुपारपर्यंत हे वाक्य सगळ्या निवासात पसरले होते.

२

धम्मपाल मगरे, वय एकतीस, परवानाधारक वायरमन. त्याच्या नावाने त्याच दिवशी संध्याकाळी पोलीस ठाण्यात तक्रार गेली. तक्रारदार पुंजारामांचा मुलगा हरिओम. निष्काळजीपणे काम केले, त्यामुळे वडील दोन तास पडून राहिले, असा मजकूर. खुब्याचे हाड मोडलेले, अंगातले पाणी कमी झालेले, डोक्याला मार. डॉक्टरांनी अठ्ठेचाळीस तास काही सांगता येणार नाही असे सांगितले होते.

गुन्हा नोंदला गेला तर धम्मपालचा परवाना जाणार होता, आणि परवान्याशिवाय त्याला शहरात कुणी शिडीवर चढू दिले नसते. हे त्याला माहीत होते, हरिओमलाही माहीत होते.

पोलिसांनी निवास चालवणाऱ्या संस्थेकडे तांत्रिक अहवाल मागितला. संस्थेने तो वंदना गाडेकर यांच्याकडे सोपवला. आयटीआयमध्ये सव्वीस वर्षे वायरमन शाखा शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि निवासाच्या सल्लागार समितीवर होत्या.

बुधवारी सकाळी हरिओम त्यांना फाटकातच आडवा आला.

“तो तुमचाच विद्यार्थी हाय म्हणे, मॅडम.”

“हो. दोन हजार बाराची बॅच.”

“मंग अहवाल काय येणार ते कळलंच.”

“अहवालातली पहिली ओळ तीच असेल, तो माझा विद्यार्थी आहे म्हणून,” वंदना म्हणाल्या. “बाकीच्या ओळी तुम्ही तपासून घ्या. हवं तर माझ्याबरोबर चला.”

हरिओम त्यांच्याबरोबर गेला नाही. पण फाटकातून हललाही नाही.

नऊ नंबरच्या न्हाणीघरात वंदनांनी आधी फक्त पाहिले. दोरीचे टोक फरशीपासून चार बोटांवर होते, म्हणजे खाली पडलेल्या माणसाच्या हाताला येईल असे. दाराशेजारी भिंतीवर एक चौकोनी पट्टी आणि तिच्यात हिरवे बटण. छतावर पांढरा गोल स्विच, नवाकोरा.

मग त्यांनी दोरी एकदा ओढली.

बेल वाजली. कर्कश, अखंड, जशी वाजायला हवी तशी. कार्यालयातून राधेश्यामांचा आवाज आला, “वाजली, वाजली! नऊचा दिवा लागला!”

काळजीवाहक शीतल पळत आली, वंदनांच्या बाजूने हात घालून तिने दोरी खस्सकन ओढली आणि बेल थांबली.

“कानठळ्या बसतेत मॅडम,” ती म्हणाली. “म्हातारी माणसं घाबरतेत.”

वंदनांनी वहीत तीन ओळी लिहिल्या. पुंजारामांनी दोरी ओढली होती, बोटांवर वळ असल्याचे डॉक्टरांनी नोंदवले होते. स्विच चालत होता. आणि बेल वाजत राहिली नव्हती.

तीनही गोष्टी खऱ्या होत्या, आणि तीनही एकत्र खऱ्या असू शकत नव्हत्या.

३

राधेश्यामांकडे उत्तर तयार होते.

“वायर ढिली असणार. कधी लागते, कधी न्हाई. आणि बेल वाजली असती तरी ऐकायला कोण होतं? शीतल जागेवर नव्हती. दूध घ्यायला गेल्ती.”

“तुम्ही पाहिलं?”

“रोजच जाते ती.”

“काल गेली होती का, ते विचारलं मी.”

राधेश्यामांनी टेबलावरचा चष्मा उचलला आणि पुन्हा ठेवला. “मी साडेआठला आलो. त्याआधीचं मला कसं माहीत?”

शीतल सव्वीस वर्षांची होती, मंठ्याची. दोन वर्षांपासून निवासात काम करत होती. तिने व्हरांड्यातल्या बाकावर बसूनच उत्तरे दिली, कारण राधेश्यामांच्या समोर बोलायची तिची तयारी नव्हती.

“दूधवाला काल दारावर आल्ता मॅडम. मी साडेसातपासून बोर्डापाशीच बसल्ते. आठवड्याच्या गोळ्या डब्यांत भरून राह्यले होते. तेवढं काम करताना मी उठत न्हाई. एकाची गोळी दुसऱ्याच्या डब्यात गेली तर?”

“बेल वाजली?”

शीतल म्हणाली, “वाजली म्हणावी तर न्हाई. नुसती टिर्र झाली अन् बंद. मी मान वर करून पाह्यलं, बोर्डावर अंधार. मला वाटलं लाइट गेली-आली. आपल्याकडं तर जातेच ना.”

“किती वाजता?”

“आठला पाच-सात मिन्टं कमी.”

“उठून पाहिलं नाहीस.”

“न्हाई.” तिने पदराच्या टोकाला गाठ मारली आणि सोडली. “दिवा लागला असता तर पळाले असते. खोटं कशाला बोलू. ते काका तर लई चांगले हायेत. सकाळी देवळीतल्या घंटीला दोनदा टोला देतेत, तिसऱ्यांदा कधीच न्हाई. रखमाजी काका त्यांना म्हणतेत, देवालाबी डबल देतो का रे? मंग दोघं हसतेत.”

“लाइट खरंच गेली होती का?”

“ते रखमाजी काकाला इचारा. त्यांचा टीव्ही दिवसभर चालू असतो.”

वंदना दहा नंबरच्या दाराशी पोहोचल्या तेव्हा टीव्ही बंद होता.

४

रखमाजी एकाहत्तर वर्षांचे होते. अंगाने थोराड, गुडघ्यांनी अधू. खुर्चीत बसून ते भिंतीकडे पाहत होते. पलीकडे नऊ नंबर.

“या बाई. बसा. कालपासून मला टीव्ही बघवंना.”

“काल सकाळी चालू होता?”

“बातम्या चालू होत्या. सात ते नऊ.”

“मध्ये बंद पडला? क्षणभर तरी?”

“बिलकुल न्हाई. बंद पडला की पुन्हा चालू व्हायला त्याला दोन मिन्टं लागतेत. मी शिव्या घालतो. काल घातल्या न्हाईत.”

म्हणजे लाइट गेली नव्हती. शीतलने ऐकलेली टिर्र दुसऱ्या कशाने तरी झाली होती.

“नऊ नंबरमधून काही ऐकू आलं का तुम्हाला?”

रखमाजी गुडघ्यावर हात फिरवत राहिले.

“पुंजाराम माझा कंडक्टर, बाई. मंठ्याच्या गाडीवर अकरा वर्षं. मी डायवर, तो कंडक्टर. रिटायर झालो, बायका गेल्या, पोरं शहरात. त्यानंच मला फोन केला, म्हणला रखम्या, ये, शेजारची खोली रिकामी हाय. आयुष्यभर तू पुढं अन् मी मागं बसलो, आता बाजूबाजूला बसू.”

“काल काय ऐकलंत?”

“भिंतीतून खट-खट आलं. वर, छताकडून. बाहेर टिर्र झाली जराशी. अन् मंग काहीच न्हाई.”

“खट-खट. दोनदा?”

“दोनदा.”

“तीनदा नाही? नीट आठवा.”

“बाई, बत्तीस वर्षं गाडी चालवली. पाठीमागं कितीदा वाजली ते मला इचारू नका. झोपेत वाजली तरी सांगंन.” त्यांनी मान खाली घातली. “दोनदा वाजली. मी जागचा हाललो न्हाई. का हाललो न्हाई, ते कालपासून शोधून राह्यलो. आठवलं. डबल ऐकली की माझ्या डोक्यात सगळं बराबर असतं. डबल म्हणजे चला. सिंगल वाजली असती तर उठलो असतो.”

वंदनांनी वही मिटली. जुन्या एस.टी.त छताखालून जाणारी दोरी त्यांनीही पाहिली होती. कंडक्टर ती ओढतो, ड्रायव्हरजवळ घंटी वाजते. एक वाजली की गाडी थांबते, दोन वाजल्या की निघते.

“आणि पुंजाराम? मदत हवी असती तर त्यांनी कितीदा ओढली असती?”

“डबल. हाताला तेच वळण. कुणी या, चला, निघा, म्हणजे डबल.”

“पण कुणी आलं नाही. मग पुन्हा का नाही ओढली? दोरी तर मुठीत होती.”

रखमाजींनी वर पाहिले. हे त्यांना एखाद्या लहान मुलाला समजावावे तसे सांगावे लागत होते.

“डबल दिली की कंडक्टर दोरीला झटका देत न्हाई, बाई. पुन्हा वाजली तर डायवर गाडी उभी करतो. दिली ती दिली. मंग वाट बघायची.”

एवढे कळल्यावरही एक प्रश्न उरत होता. माणसाने दोनदा ओढली म्हणून मदतीची बेल बंद का पडावी?

५

धम्मपाल त्या दुपारी जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानात काम करत होता. गल्ली इतकी अरुंद, की शिडीचा पाय निम्मा रस्त्यावर. दुकानदार दर पाच मिनिटांनी विचारत होता, पंखा कधी फिरणार. वंदनांना पाहून धम्मपाल खाली उतरला, हात पँटला पुसले.

“मॅडम, पोलीस दोनदा आल्ते. घरी आई रडून राह्यली. मी काय चुकलो ते तुम्हीच सांगा.”

“आधी तू काय केलंस ते सांग. क्रमानं. काही गाळू नकोस.”

“मेन बंद केला. बोर्डाला पाटी लावली, काम चालू हाय म्हणून, अन् किल्ली खिशात ठेवली. ती बेल चोवीस व्होल्टचीच हाय, शॉक लागत न्हाई, पण न्हाणीघर ओलं, म्हणून मेनच बंद केला. लाकडी शिडी. वर जाऊन टेस्टर लावून बघितलं, मंग स्विच उघडला. वायर सोडायच्या आधी फोटो काढला. दोन्ही वायरींना रंगाची टेप लावली.”

“जुन्याला काय झालं होतं?”

“आतली स्प्रिंग गेल्ती. ओढली तर कधी लागायची, कधी न्हाई. दोरीबी कमरेएवढीच होती, कुणीतरी कापलेली. पोछा मारताना भिजते म्हणून कापतेत. मी म्हणलं, पडलेला माणूस कमरेएवढा उभा राहून दोरी वढणार हाय का? खालपर्यंत सोडली.”

“ते बरोबर केलंस. त्यामुळेच त्यांचा हात पोहोचला. नवा स्विच कुठून आणलास?”

“जुना नमुना घेऊन इथंच आलो, दोन गल्ल्या सोडून इलेक्ट्रिकच्या दुकानात. काउंटरवर ठेवला, म्हणलं असाच द्या. त्यानं असाच दिला.”

शहरातला प्रत्येक वायरमन, नळवाला, मोटार दुरुस्त करणारा असेच करतो. नाव सांगण्यात घोळ होतो. नमुना दाखवला की होत नाही.

“फोटो दाखव.”

धम्मपालने मोबाइल पुढे केला. वंदनांनी चित्र मोठे करून पाहिले. जुन्या स्विचला दोन वायरी जोडलेल्या होत्या. त्यांच्या मागे, छताच्या भोकात, आणखी दोन वायरी दुमडून काळ्या टेपने बांधलेल्या दिसत होत्या.

“या दोन कशाच्या?”

“माहीत न्हाई. आधीपासून बांधलेल्या होत्या. मी हात लावला न्हाई.”

“विचारलं नाहीस?”

“मॅडम,” धम्मपाल हळूच म्हणाला, “वर्गात तुम्हीच सांगायच्या ना. सोडायच्या आधी खूण करा, अन् जसं होतं तसंच जोडा. आपली अक्कल लावू नका.”

दुकानदाराने पुन्हा पंख्याचे विचारले, त्याला वंदनांनीच हाताने थांबवले.

“जोडल्यावर तपासणी?”

“मेन चालू केला. खाली येऊन दोरी वढली. वाजली. शीतलताई आली, तिनं पुन्हा वढून बंद केली. काम झालं.”

“एकदाच ओढलीस.”

“एकदाच.”

“जुना स्विच कुठे आहे?”

तो त्याच्या पिशवीतच होता. वंदनांनी झाकण काढून आतला छाप उजेडात धरला. बनावटीचे साल दोन हजार बावीस.

‘अंगणछाया’चे उद्घाटन दोन हजार एकोणीसमध्ये झाले होते. त्या कार्यक्रमाला वंदना स्वतः हजर होत्या.

६

गुरुवारी सकाळी अकरा वाजता वंदनांनी पाच जणांना चार नंबरच्या खोलीत बोलावले. ही खोली दोन महिन्यांपासून रिकामी होती. राधेश्याम, शीतल, रखमाजी आले. धम्मपाल दाराबाहेर उभा राहिला. हरिओम सगळ्यांत शेवटी आला आणि धम्मपालकडे न बघता आत गेला.

“शीतल,” वंदना म्हणाल्या, “काल मी नऊ नंबरची दोरी ओढली, तेव्हा तू बेल बंद केलीस. भिंतीवर हिरवं बटण होतं. ते का नाही दाबलंस?”

“नऊला बटण चालत न्हाई मॅडम. तिथं दोरीच वढावी लागते.”

“नवा स्विच तर सोमवारी दुपारी बसला. दोन दिवसांत तुला हे कसं कळलं?”

“जुन्यालाबी तसंच होतं. मी आल्यापासून. चार, नऊ अन् तेरा, या तिन्हीला दोरी. बाकीच्या पंधरांना बटण. पहिल्याच दिवशी सांगितल्तं मला.”

“कुणी सांगितलं?”

“आधी कामाला होत्या त्या मावशींनी. त्या आता गावाला गेल्या.”

“आणि तू हे कुणाला सांगितलंस?”

“सांगायचं काय त्यात? वाजत होती ना.”

वंदना सगळ्यांना शेजारच्या पाच नंबरमध्ये घेऊन गेल्या. तिथल्या आजोबांची परवानगी त्यांनी आधीच घेतली होती. त्यांनी दोरी ओढली. बेल वाजू लागली, छतावरच्या स्विचमध्ये बारीक लाल दिवा लागला. त्यांनी पुन्हा ओढली, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. बेल वाजतच राहिली. मग भिंतीवरचे हिरवे बटण दाबले. शांत.

“मदतीच्या बेलचा स्विच हा असा असतो,” त्या म्हणाल्या. “घाबरलेला माणूस किती वेळा ओढेल याचा नेम नाही. म्हणून कितीही ओढा, ती बंद होत नाही. बंद करायला कुणीतरी त्या खोलीत यावंच लागतं. याला चार वायरी लागतात. दोन बेलच्या, दोन लाल दिव्याच्या आणि बटणाच्या.”

मग पुन्हा चार नंबर.

“इथे आहे तो घरातल्या दिव्याचा स्विच. एकदा ओढला की चालू, पुन्हा ओढला की बंद. याला दोनच वायरी पुरतात. उरलेल्या दोन कुणीतरी टेपने बांधून छतात सारल्या. दोन हजार बावीसनंतर कधीतरी, तीन खोल्यांत. सोमवारी धम्मपालनं नऊ नंबरमध्ये जसं होतं तसंच पुन्हा बसवलं. चुकीच्या जागी चुकीचाच, पण नवा.”

राधेश्याम म्हणाले, “म्हणजे चूक त्याचीच की. वायरमन तो हाय.”

“त्याच्या दोन चुका आहेत,” वंदना म्हणाल्या. “बांधलेल्या वायरी कशाच्या हे त्यानं विचारलं नाही. आणि एकदाच ओढून पाहिलं. स्वतः दोनदा ओढून पाहिलं असतं, निदान शीतलनं दोरीनंच बेल बंद केली तेव्हा थबकला असता, तर सोमवारीच कळलं असतं. दोन्ही मी लिहिणार आहे. जसं होतं तसंच जोडा, हा नियम त्याला मी शिकवला. तेही लिहिणार आहे.”

बाहेर धम्मपालने शिडीसारखा दाराच्या चौकटीला टेकवलेला हात खाली घेतला.

“आता राधेश्यामजी. तुम्ही दोन हजार एकवीसच्या मार्चपासून इथे आहात. बावीसचा स्विच तुमच्या काळात बसला. कुणी बसवला?”

“लई दिवस झाले मॅडम. आठवत न्हाई.”

“तीन खोल्यांचे स्विच व्यवस्थापकाला न विचारता बदलतात?”

“इथं रोज काही ना काही बिघडतं. नळ, मोटार, गीझर. कुणीतरी जल्दी करून जातं. मी प्रत्येकाच्या मागं शिडीवर चढू का?”

“आणि शीतल दूध घ्यायला गेली होती, हे?”

“मला तसं वाटलं.”

“वाटलं,” रखमाजी खुर्चीतून म्हणाले. “पोरीची नोकरी गेली असती की हो शेठ, तुमच्या वाटण्यापायी.”

हरिओम इतका वेळ भिंतीला टेकून होता. तो पुढे आला.

“मला एक कळंना. बाबांनी दोनदा वढली, हे तुम्ही कशावरून म्हणता? दोरी अडकली असंल. हातात जोर नसंल.”

“बेल टिर्र झाली आणि लगेच थांबली. लाइट गेली नव्हती, रखमाजींचा टीव्ही चालू होता. तेव्हा एकदा ओढली असती तर बेल दार उघडेपर्यंत वाजत राहिली असती. तीनदा ओढली असती तरी वाजत राहिली असती. दोनदा, किंवा चारदा, म्हणजे जोडीनं ओढली तरच ती बंद होते. भिंतीपलीकडच्या माणसानं दोनदा ऐकलं.”

“पण घाबरलेला माणूस दोनदाच कशाला वढंल? धडाधड वढंल ना.”

वंदनांनी रखमाजींकडे पाहिले. रखमाजी म्हणाले, “पोरा, तुझ्या बापानं कधी गाडीत धडाधड घंटी दिली का? तू लहानपणी कितीदा बसलास त्याच्या शीटवर.”

हरिओमने दोरी हातात घेतली. बराच वेळ नुसती धरून ठेवली. मग ओढली. बेल वाजली. त्याने लगेच पुन्हा ओढली. बेल थांबली. व्हरांड्यात कुणाची तरी चप्पल वाजत होती, तेवढाच आवाज राहिला.

“म्हणजे बाबांनी बराबर केलं,” तो म्हणाला.

“त्यांच्या बाजूनं, हो.”

“डबल दिली, अन् पडून राह्यले. कुणी येईल म्हणून.”

हरिओम दाराकडे वळला. धम्मपाल अजून तिथेच होता. दोघे समोरासमोर आले.

“दोरी खाली तू सोडली म्हणे.”

“हो भाऊ.”

“दोनदा वढून बघायला काय झाल्तं तुला?”

धम्मपाल म्हणाला, “काहीच झालं नव्हतं. बघायला पाह्यजे होतं.”

हरिओम त्याच्या शेजारून निघून गेला. तक्रारीचे काय, ते तो बोलला नाही.

७

वंदना गाडेकर यांचा अहवाल शुक्रवारी दुपारी पोलीस ठाण्यात पोहोचला. पाने सहा, सोबत धम्मपालच्या मोबाइलमधला फोटो आणि सीलबंद पाकिटात जुना स्विच. पहिली ओळ ठरल्याप्रमाणे होती.

अहवालाचा निष्कर्ष असा: अपघाताचे मूळ दोन हजार बावीसनंतर चार, नऊ आणि तेरा नंबरमध्ये बसवलेल्या चुकीच्या प्रकारच्या स्विचमध्ये आहे. सोमवारच्या कामात ती चूक नव्याने झाली नाही, पण पकडलीही गेली नाही. वायरमनची तपासणी अपुरी होती. मूळ चूक कुणाच्या सांगण्यावरून झाली, हे उपलब्ध माहितीवरून सिद्ध होत नाही. ते शोधणे हे अहवाल लिहिणाऱ्याचे काम नाही.

शेवटी एक सूचना जोडलेली होती. असा स्विच बदलल्यावर दोरी एकदा नव्हे, किमान पाचदा ओढून पाहावी, आणि बेल फक्त भिंतीवरच्या बटणानेच बंद होते याची खात्री झाल्याशिवाय शिडी उचलू नये.

राधेश्याम तोष्णीवाल यांनी लेखी खुलासा देण्यासाठी आठ दिवस मागून घेतले. तेरा नंबरमधल्या आजींना तात्पुरते दुसऱ्या खोलीत हलवण्यात आले. तिन्ही स्विच बदलण्याचे काम धम्मपालला न देता दुसऱ्या वायरमनला देण्यात आले. शीतलने त्या वायरमनला पाच वेळा दोरी ओढायला लावली, अशी माहिती रखमाजींनी दिली.

पुंजाराम खांडेभराड शुक्रवारी रात्री शुद्धीवर आले. डॉक्टरांनी जबाब घ्यायला अजून परवानगी दिलेली नाही.

हरिओम शनिवारी दुपारी साडेतीनला पोलीस ठाण्यात गेला. त्याने आपल्या तक्रारीची प्रत मागितली आणि ती हातात घेऊन बाहेरच्या बाकावर बसला. ठाण्यातल्या हवालदाराच्या सांगण्याप्रमाणे, त्याने एक कोरा कागदही मागून घेतला होता. पाच वाजता तो उठून निघून गेला. कागद त्याच्याबरोबर गेला.

शनिवारी सायंकाळी सहा वाजेपर्यंत तक्रारीत कोणताही बदल नोंदवलेला नाही. तीत नाव एकच आहे: धम्मपाल मगरे, वायरमन.